पाठांतरवाले आणि पाठमोरे

चष्म्याच्या दुकानात दोन भाऊ. थोरला डोळे तपासायचा, धाकटा काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. गावाला दूरचं-जवळचं स्वच्छ दिसावं म्हणून बसलेल्या या दोन महाभागांना सध्या एका शब्दापलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि तो शब्दही कुठला, तर व्हिडिओ गेममधल्या देवीच्या पोथीतला. आता बोला!

बोलावं लागायचं थोरल्याच्या बायकोला, कारण भावाभावांचा अबोला होता. ती गल्ल्यावर बसायची आणि निरोप्याचं काम करायची.

“त्याला सांग, डावा डोळा उणे दोन,” पडद्याआडून थोरला.

“भावोजी, डावा उणे दोन.” गिऱ्हाईकापुढे भावोजी, एरवी अरे-तुरे.

“ऐकलं. त्यांना विचार, वाचायचा नंबर खाली घालायचा का?”

‘त्यांना’! दादाचा ‘ते’ झाला होता. दोघांच्या मध्ये एक पडदा आणि खुर्चीत बसलेलं बिचारं गिऱ्हाईक. ते आळीपाळीनं तिघांच्या आवाजाकडे मान वळवायचं.

एरवी दर रविवारी दुपारी दोघे भाऊ एका टीव्हीपुढे मांडी ठोकून ‘राखेचं राज्य’ खेळायचे. थोरला योद्धा, धाकटा वैद्य. एकानं मारायचं, दुसऱ्यानं मलम लावायचं. राक्षस होते तोवर बरं चाललं होतं. मग लागलं देवीचं बंद दार, आणि त्यावर राखपोथीतली ओळ: ‘दारापुढे पाठ करा, माता आत घेईल.’

थोरला म्हणाला, पाठ करा म्हणजे पाठांतर. अख्खी पोथी दारापुढे घडाघडा म्हणायची. धाकटा म्हणाला, छे, दाराकडे पाठ करून उभं राहायचं, मागे वळून न बघता. थोरल्यानं पोथी म्हटली. धाकटा पाठमोरा उभा राहिला. दार कुणासाठीच उघडलं नाही. त्यामुळे दोघांचीही खात्री पटली.

“तू मातेला पाठ दाखवतोस, ती कशी उघडेल?”

“तू बडबड थांबवशील तेव्हा उघडेल ना!”

एवढ्यावर मिटलं असतं. पण जगात रिकामटेकडे हे दोघेच नव्हते. थोरल्यानं आपलं भाष्य इंटरनेटवर टाकलं आणि शेकडो पाठांतरवाले त्याला ‘आचार्य’ म्हणू लागले. ज्याला किराणा आणताना चार जिनसा लक्षात राहत नाहीत, तो आचार्य! धाकट्यामागेही पाठमोऱ्यांची फौज उभी राहिली. म्हणजे तोंड फिरवूनच असेल. कुणी लिहिलं, या ओळीत सात अर्थ आहेत. कुणी लिहिलं, आठवा फक्त मौनात कळतो. हे त्यानं दोन पानं भरून लिहिलं.

थोरल्याच्या बायकोनं हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण मागच्या रविवारी थोरला तावातावानं म्हणाला, “तुला पाठ दाखवणंच सुचणार. जन्मभर तेच केलंस. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुठं होतास?”

गेमची गोष्ट गेममध्ये राहिली नाही. धाकटा उठला, त्यानं चपला घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या मोठ्या चष्मेवाल्याकडे जाऊन नोकरी ठरवून आला. येत्या सोमवारपासून.

ती या घरात आली तेव्हा या पोराचे पुढचे दात पडलेले होते आणि तो शीळ घालायला गेला की नुसती हवा यायची. तो समोरच्या फुटपाथवर, परक्याच्या काचा घासणार? आणि हे कशापायी, तर जी देवी वीज गेली की अंतर्धान पावते तिच्यापायी!

तिनं गेम बनवणाऱ्यांनाच ईमेल धाडला: ‘तुमच्या एका ओळीनं माझं घर फुटतंय. नेमकं काय करायचं ते सांगा.’

शनिवारी उत्तर आलं. तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दोघांना समोर बसवलं आणि मोठ्यानं वाचलं:

“‘आपण विचारलेल्या ओळीत आमची चूक आहे. पोथी आपल्या भाषेत आणताना टायपिंगमध्ये घोटाळा झाला. तिथे पाठ नसून वाट हवं. दारापुढे वाट करा. तिथले दगड बाजूला सारले की दार उघडतं. क्षमस्व.’”

फोन खाली ठेवून तिनं हाताची घडी घातली. आता माना खाली जातील, अशी तिची अपेक्षा.

“हे लिहिलंय कोणी?” थोरल्यानं विचारलं.

“ज्यांनी गेम बनवला त्यांनी.”

“त्यांना काय कळतंय!”

हे थोरला बोलला नव्हता. धाकटा बोलला होता.

थोरल्यानं मान वळवली. आठवडाभरात पहिल्यांदा त्यानं भावाकडे सरळ बघितलं. “तेच म्हणतो मी. ‘वाट’ हा शब्द उघड उघड मागाहून घुसडलेला आहे.”

“दगड सारा म्हणे! माता काय रस्त्याचं कंत्राट देतेय?”

थोरला फसकन हसला. “लिही हे. असंच्या असं लिही.”

“तू सांग, मी टाइप करतो. तू अक्षरं शोधत बसलास तर सोमवार उजाडेल.”

“अरे पण,” ती म्हणाली, “दगड सारून बघा तरी एकदा. उघडतंय ना दार?”

दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं. पाखंडी माणसाकडे बघावं तसं.

“वहिनी,” धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला, “तसं उघडलं तर त्याला उघडणं म्हणत नाहीत.”

घ्या! जिच्यामुळे तोंडं उघडली तिलाच शहाणपण. ती गल्ल्यावर जाऊन बसली. दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या, डोक्याला डोकं लावलं. मध्येच थोरला घुटमळत म्हणाला, “मी ते आईचं बोललो ना...”

“दादा, आधी हे खोडून काढू.”

“हो, हो.”

थोड्या वेळानं धाकट्यानं समोरच्या दुकानात फोन लावला. “सोमवारी नाही जमणार मला. नाही, पुढेही नाही. घरात धर्मसंकट उभं राहिलंय.” आणि फोन ठेवला.

“धर्मसंकट?” तिनं कपाळाला हात लावला. “लाज कशी वाटत नाही रे?”

“मग काय सांगू? दादाशी जमलं म्हणून?” तो पडेल आवाजात म्हणाला. “हसतील ना लोक.”