बोक्याने सोडलेलं भाडं

बोका आपण होऊन घरी आला, तेव्हाच सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या बाकावर डोळे मिटून बसायचं आणि चांगलं भाडं आलं की सगळ्यांच्या आधी झडप घालायची, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. वहिनीच्या तोंडचे घास त्याने काही कमी पळवले नव्हते. तोच आज खुर्चीच्या कडेवर बसून म्हणत होता, "वहिनी, माझं तुरटीचं काम तुम्ही घ्या."

वहिनी हे ऑफिसातलं नाव. ट्रक मुळात तिच्या नवऱ्याचा. त्याची कंबर गेली आणि डॉक्टरने गाडी चालवायची बंदी घातली, तेव्हा लायसन काढून तीच गाडीवर चढली. नवरा घरी मोठ्या मशिनवर ताडपत्र्या शिवू लागला. हंगामाचे चार महिने डोंगरापलीकडच्या बागांतून फळं आणायची आणि उरलेले आठ महिने मिळेल ते भाडं मारायचं, असं तिचं चाललं होतं. सिमेंट धरावं तर पावसात बांधकामं बंद. घरसामान धरावं तर लोक घरं बदलणार शाळेच्या सुट्टीत. दूध बारा महिने असतं, पण त्याला टँकर लागतो.

"गोदामातून पोती भरायची, शहराचं पाणी शुद्ध करतात तिथे उतरवायची," बोका सांगत होता. "रोज एक खेप. लोक पाणी प्यायचे थांबतील तेव्हा हे काम थांबेल."

"मग तुम्ही का सोडताय?"

"वय झालं आता."

"पंचेचाळिसाव्या वर्षी?"

बोका खुर्चीवरून उठला. विचार करून सांगा म्हणाला आणि निघाला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बोका कधी लोण्याचा गोळा दुसऱ्याच्या ताटात ठेवतो होय? पाणी मुरतंय कुठंतरी."

"आई, तुला दगडातसुद्धा अळ्या दिसतात," नवरा मशिन न थांबवता म्हणाला. मग थांबवून म्हणाला, "पण कागद नीट बघून घे गं."

दुसऱ्या दिवशी वहिनी बोक्याच्या गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसली. गोदामात तिने हमालाला बाजूला घेऊन विचारलं, पोती कमी भरतात का? हमाल म्हणाला, काट्यावर वजन झाल्याशिवाय गाडी हलतच नाही. ओल लागली की तुरटी पत्रा खाते हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती हौद्यात चढून वाकून बघू लागली. बोक्याने खाली फळ्या आणि त्यावर रबर अंथरलं होतं. पत्रा धड होता. पाण्याच्या केंद्रावरच्या स्टोअरकीपरने करार दाखवला. अजून तीन वर्षांचा होता. रस्ता चांगला, उतरवणारी माणसं वेळेवर हजर. वहिनीला कुठेच बोट ठेवायला जागा सापडेना आणि त्यानेच तिचा जीव जास्त खालीवर होऊ लागला. इतकं सरळ कुठे काही असतं का?

परतताना बोका उगाचच बोलल्यासारखं बोलला, "डोंगरापलीकडचा रस्ता आता कसा आहे? बागा अगदी रस्त्याला लागून आहेत म्हणे."

वहिनीने कान टवकारले. घरी पोचल्या पोचल्या तिने बागवाल्याला फोन लावला.

"अहो, तुम्ही काम सोडताय ना?" बागवाला म्हणाला. "तो बोका गेल्या आठवड्यातच येऊन गेला. यंदापासून माझी गाडी लावा म्हणत होता."

तशीच ती तडक ऑफिसात गेली. बोका बाकावर होता. चार ड्रायव्हर बसलेले असतानाच तिने विचारलं, "माझ्या हातात तुरटी ठेवून माझ्या बागा उचलायच्या होत्या काय?"

बोका उठून बाहेर आला. तिला वाटलं, आता हात झटकेल. तो गाडीच्या चाकाला टेकून उभा राहिला.

"हो. बागाच हव्यात," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली, वहिनी. गोदाम ते टाकी, टाकी ते गोदाम. कुठला खड्डा कधी बुजवला, कुठल्या दुकानाची पाटी कधी बदलली, सगळं पाठ आहे. आजारी पडायचं तरी आधी बदली गाडी शोधायची. गेल्या महिन्यात अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मागचं काहीच आठवत नाही. सिग्नल लाल होता की हिरवा, तेही नाही. घाबरलो."

"मग सरळ सांगायचं."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

वहिनीला खोटं बोलवेना. "नसता ठेवला," ती म्हणाली.

तरी तिने आपलं घोडं पुढे दामटलं. आधी करार तिच्या नावावर झाल्याचं स्टोअरकीपरचं पत्र येईल, मगच ती बागवाल्याला सांगेल. आणि बागा एकाच हंगामापुरत्या. जमलं नाही तर दोघांनी आपापलं काम परत घ्यायचं. बोक्याने मान हलवली, पण पत्र हातात येईपर्यंत ती दर दोन दिवसांनी केंद्रावर जाऊन विचारत राहिली.

पहिला महिना स्टोअरकीपर तिची पोती दोनदा मोजायचा. तिला राग यायचा आणि हसूही यायचं. पण गाडी एक दिवसही दारात उभी राहिली नाही. नवऱ्याने रात्रपाळीच्या ताडपत्र्या घेणं बंद केलं, कारण आता गरज नव्हती. सासूबाई मात्र रोज विचारायच्या, "आज काही निघालं का त्यात?"

हंगाम संपल्यावर बोका रापलेला आणि हसरा होऊन फळांची पेटी घेऊन आला. सासूबाईंनी पेटी त्याच्यासमोरच उलटी केली आणि तळातली फळं दाबून पाहिली. सगळी चांगली होती.

"मग आता काय हवंय याला?" त्या म्हणाल्या.

हवं होतंच. बागा रिकाम्या झाल्या होत्या आणि पुढचे आठ महिने कोरडे होते. तेवढ्यापुरतं तुरटीचं काम मिळेल का, असं तो मान खाली घालून विचारत होता.

"काम परत मिळणार नाही," वहिनी म्हणाली. बोक्याचा चेहरा पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ती गाडीवर चढल्यापासूनच्या अकरा वर्षांत दोघं धड एक दिवस सोबत बसले नव्हते. "पण आठवड्यातले दोन दिवस माझ्या जागी तुम्ही गाडी लावा. पोती मात्र मी मोजून घेईन."

"दोनदा मोज," सासूबाई म्हणाल्या आणि बोक्यापुढे कापलेल्या फळाची ताटली सरकवली.