गोठवणकरांचा विसर्ग

गोठवणकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव लाइटच्या बिलावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

संगणक चालवणारी एक प्रणाली आहे. ती कुणाच्याच मालकीची नाही म्हणून सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांची आहे म्हणून तिच्यावरून रोज भांडणं होतात. हजारभर हौशी माणसं आपापल्या घरी बसून ती फुकट बनवतात आणि फुकट वाटतात. तिची रूपं दोन. एक कच्ची, एक पक्की. ज्याला जे नवीन सुचेल ते तो कच्चीत आणून ओततो. त्यामुळे कच्ची सकाळी धावते, दुपारी रुसते आणि संध्याकाळी आवाजच बंद करून बसते. पक्की दोन वर्षांतून एकदा निघते. तिच्यात डोळे दिपवणारं काहीही नसतं, आणि तिला मागणी आहे ती त्याचसाठी. ती निघण्याआधी काही आठवडे कच्चीसकट सगळं गोठवतात. दुरुस्ती आत घेतली जाते, नवलाई दारातून परत जाते. हे दार अकरा वर्षं ज्यांनी अडवून धरलं होतं, ते गोठवणकर.

पोटासाठी ते दुकानांतले वजनकाटे तपासून शिक्के मारत. "दिवसभर लोकांचे काटे तपासायचे आणि घरी येऊन तेच काम बिनपगारी करायचं," असं बायको म्हणे. पण तिच्या रक्तपेढीतले पाचही संगणक याच प्रणालीवर चालत, त्यामुळे तिच्या टोमण्यांना फारशी धार नसे.

या खेपेला मात्र होती. जुन्या पक्कीला दुरुस्त्या मिळण्याची मुदत महिनाअखेर संपत होती. आपली विकतची प्रणाली गळ्यात मारायला कुठल्याशा कंपनीने पेढीच्या मोठ्या डॉक्टरांना घेरलं होतं. नवी पक्की ठरल्याप्रमाणे शनिवारी निघाली तर ठीक, नाहीतर सोमवारी कंपनीची माणसं खोकी घेऊन दारात. बायकोने डॉक्टरांना शब्द दिला होता: शनिवारी म्हणजे शनिवारी. मागची पक्की सात महिने उशिरा निघाली होती, हे तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. शब्द देताना माणूस इतिहास सांगत बसत नाही.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला. चाचणीसाठी एका संगणकावर तिने होऊ घातलेली पक्की आधीच चढवली होती.

"अहो, तुमच्या पक्कीत रक्ताच्या पिशवीवरचं लेबल एका बाजूने कापलं जातंय. वर्षाचा शेवटचा आकडाच उमटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आज सकाळी घेतलेलं रक्त सन दोनशे दोनमध्येच बाद झालंय."

लेबल छापणारा प्रोग्राम सुसाट नावाच्या बाईंचा. हे नाव त्यांना कच्चीतल्या वेगामुळे पडलं होतं. वय बत्तीस, मुक्काम दुसऱ्या गावी, आणि गोठवणीशी त्यांचं वैर जुनं.

"काका, ते मी कधीच दुरुस्त केलंय," सुसाट फोनवर म्हणाली. "नवीन आवृत्ती घ्या. दोन पूर्णांक नऊच्या पुढची, दोन पूर्णांक दहा. चाळीस नव्या सोयी आहेत."

"सोयी नकोत. नुसती दुरुस्ती काढून दे."

"चाळीस सोयींतून एक दुरुस्ती वेगळी काढायची? मिसळून झालेल्या कणकेतून मीठ मागताय तुम्ही."

"मीठच हवंय, बाई. कणीक शनिवारनंतर मळू."

"तुमच्या गोठवणीपायी माझं काम दोन महिने पडून आहे. लोक मला विचारतात, सुसाट गेली कुठे? मी सांगते, शीतकपाटात आहे."

बडबड झाली, पण गुरुवारी सकाळी दुरुस्ती आली. सतरा ओळी, स्वच्छ. गोठवणीत घाईने काही आत घ्यायचं तर दोघांच्या सह्या लागतात. गोठवणकरांनी सतरा ओळी तीनदा वाचल्या, वर आवृत्तीचा आकडा घातला, सही केली. सुसाटने त्याच सतरा ओळी पुन्हा वाचल्या, सही केली. तासाभरात ती दुरुस्ती वाटपाला लागली, ज्याला हवी त्याने घ्यावी.

साडेअकराला पुन्हा बायकोचा फोन.

"आलं हो. वर्ष पूर्ण छापतंय. पण हे दोनशे एक्याण्णव काय आहे?"

"काय दोनशे एक्याण्णव?"

"आवृत्ती. काल दोन पूर्णांक नऊ होतं, आज दोनशे एक्याण्णव. बरीच प्रगती केलीत की एका रात्रीत."

गोठवणकर गोठले. त्यांना घालायचा होता २.९.१. दोन्ही टिंबं राहिली होती.

बाहेरच्या माणसाला यात रडण्यासारखं काही वाटणार नाही. पण या प्रणालीचा एक स्वभाव आहे: मोठा आकडा म्हणजे नवा, लहान म्हणजे जुना, आणि जुन्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. ज्या संगणकावर २९१ गेलं, तो आता दोन-दहाही घेणार नाही, तीनही नाही, सुसाटच्या नातवंडांनी काढलेलं दोनशे नव्वदही नाही. यावर इलाज एकच. आकड्याच्या आधी एक आणि त्यापुढे उभी दोन टिंबं घालायची: १:२.९.१. मग प्रणाली ते सगळ्यांत नवं मानते. पण ही टिंबं एकदा लागली की कायमची. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती लावावीच लागतात. मंडळी त्याला विसर्ग म्हणत. ज्याच्या हातून तो लागे त्याला गोठवणकर स्वतः विचारत, "काय, दुःख झालं का?" गेली अकरा वर्षं हा विनोद त्यांनी कधी चुकवला नव्हता.

"काका, चूक माझीही आहे," त्यांनी फोन करून सांगितल्यावर सुसाट म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच सावकाश होता. "मी ओळी वाचल्या, आकडा वाचलाच नाही. चार डोळे आणि दोन चष्मे होते आपल्याकडे." मग म्हणाली, "तास झालाय फक्त. गुपचूप काढून टाकू. कुणी घेतलं असेल असं वाटत नाही."

"एकीने घेतलंय. मला माहीत आहे कोण."

"काकूंचं यंत्र पुसून पुन्हा भरता येईल. पण गटात सांगितलंत तर लोक म्हणणार, अजून काय काय चुकलंय कोण जाणे, पुढे ढकला. शनिवार गेलाच समजा."

हे खरं होतं. गोठवणकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर एक माणूस पाण्याची टाकी घासत होता, आणि कुणी बघत नसतानाही टाकीच्या तळाशी वाकून घासत होता. गोठवणकरांना त्याचा उगाच राग आला.

"मला जी एक माहीत आहे ती माझी बायको म्हणून," ते म्हणाले. "जी माहीत नाहीत त्यांचं काय? त्यांना पुढे एकही दुरुस्ती मिळणार नाही, आणि का ते कधी कळणारही नाही. काट्यावर खोटा शिक्का मारल्यासारखं आहे ते."

त्यांनी सगळ्या हौशी मंडळींच्या गटाला ई-मेलने पत्र लिहिलं. चार ओळी. २९१ हा आकडा माझ्या हातून गेला. टिंबं मी खाल्ली. विसर्ग लावतो आहे, माझ्या नावाने. शनिवार ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा.

पहिली दहा मिनिटं जे आलं ते अपेक्षित होतं. "काय, दुःख झालं का?" हे एकवीस जणांनी विचारलं, त्यांतल्या काहींनी फार वर्षं वाट पाहिली असावी. एकाने पुढे ढकला असं लिहिलं. त्याला उत्तर देण्याआधीच एक पत्र आलं: माझ्याकडे २९१ आलं होतं, आता विसर्गवालं चढवलं, लेबल नीट आहे. मग दुसरं. मग एका मुद्रणालयातून, एका वाचनालयातून, कुठल्याशा बंदरावरून. दुपारी चारपर्यंत चौतीस पत्रं झाली. कुणी न सांगता तिघांनी पक्कीतल्या सगळ्या आकड्यांची टिंबं मोजायला घेतली आणि शुक्रवारी सकाळी कळवलं: बाकी टिंबं जागेवर आहेत. ढकला म्हणणाऱ्याने लिहिलं, "मग काढा."

शनिवारी बारा वाजता पक्की निघाली. जाहीर केलेल्या तारखेला, जाहीर केलेल्या वेळेला. असं आधी कधीच झालं नव्हतं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं लोकांना ती अफवा वाटली. बाराच्या ठोक्याला गोठवण उठली, आणि सुसाटने साठवलेलं सगळं कच्चीत ओतलं. साडेबारापर्यंत कच्चीचा आवाज गेला. सगळं रीतसर चाललं होतं.

गोठवणकर तेव्हा रक्तपेढीत होते, बायकोच्या शेजारच्या स्टुलावर. पाच संगणक एकामागोमाग चढवले. दीडला पाचवा झाला. दोनला डबा खाऊन मोठे डॉक्टर आले, खुर्चीत बसले, नेहमीसारखी दोन बटणं दाबली. लेबल बाहेर आलं. त्यांनी ते पिशवीवर चिकटवलं, पिशवी फ्रिजमध्ये ठेवली. अशा सहा पिशव्या झाल्या.

"मॅडम," ते वळून म्हणाले, "तुमची ती नवीन सिस्टिम कधी टाकताय? सोमवारी त्या लोकांना काय सांगू?"

"टाकली, सर."

"कधी?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, हातातल्या लेबलाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. "पण काहीच बदललेलं दिसत नाही."

अकरा वर्षांत गोठवणकरांना एवढं मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. ते स्टुलावरून उठले, डॉक्टरांचा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ हलवला, आणि म्हणाले, "आभारी आहे."

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचे हे," बायको म्हणाली. "कंपनीच्या लोकांना नको म्हणून कळवा, सर. खोकी उचलून आणायचा त्यांचा त्रास वाचेल."