बिब्ब्याचा डाग

आईच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता आणि तो कशाचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या बाईच्या तळव्यांना भेगा पडतातच. माझी ठमाआत्या दर मोसमात बिब्बा तापवून त्याचं तेल आईच्या भेगांत सोडायची. त्याचा काळेपणा महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून डाग वाढला तेव्हा आत्याने पुन्हा बिब्बाच घातला.

सत्तावन्न साली आईला दिवस गेले. मी शाळेत शिकवत होते, लग्नाच्या वयाची होते. "चंद्रावती, लेकीच्या आधी तूच पाळणा बांधतेस काय गो?" म्हणून बायका हसत. आईही हसे. पुढे डाग फुटून वाहू लागला, तेव्हा मी तिला एसटीने मुंबईच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कातडीचा असा कर्करोग त्यांनी क्वचितच पाहिला होता, गरोदर बाईच्या अंगावर कधीच नाही. पाय लगेच कापायला हवा, पण त्यात मूल राहील याची खात्री नाही, असं ते म्हणाले.

"बाळ झाल्यावर कापला तर?" आईने विचारलं.

"तोवर रोग वर चढेल, बाई."

"मग चढू दे."

"आई, ते तुझ्या जिवाचं बोलतायत."

"समजलं मला. तू पुस्तकं वाचून समजतेस, मी ऐकून. हे आत लाथा मारतंय गो, त्याला मी काय सांगू?"

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हा रोग क्वचित बाळातही उतरतो. त्याच्या अंगावर काळा ठिपका दिसला तर थांबू नका. परतीच्या बसमध्ये आईने ते माझ्याकडून काढून घेतलंच.

मग रोज शाळेआधी जखम धुणं, फडकी उकळणं, शाळेनंतर पुन्हा तेच. जांघेत गाठ आली. बाबा तिला उचलून ओट्यावर बसवत आणि मिठागरावर जात. तिला बरं वाटावं असं मला वाटेनासं झालं होतं; ती जरा झोपावी, एवढंच वाटे.

मुलगी झाली. मालू. पाचवीला आत्या काजळाची डबी घेऊन आली. तीट आधी तळव्याला, मग गालाला. तिचं बोट तळव्यापाशी गेलं आणि आई ओरडली. एवढा आवाज तिच्यात उरला असेल असं वाटलं नव्हतं.

"कालं कायपण लावू नको तिला! माझ्या पायाचं दिसलंच नाय कुणाला."

आत्या डबी धरून तशीच उभी राहिली. मग ओट्यावर जाऊन बसली, जेवायलाही उठली नाही.

त्यानंतर आईचा पाय कापला. उपयोग झाला नाही. शेवटी बोलवत नव्हतं, तरी मालूची आंघोळ झाली की ती माझ्याकडे बघे. मी म्हणे, "पाहिलं. काही नाही." मग ती डोळे मिटे.

आता मालू चालते. तिला पाटावर उभी करून मी मानेपासून टाचांपर्यंत रोज पाहते. बोटांच्या बेचक्यात आत्या पाहते. तिची नजर मंद झालीय, म्हणून पुन्हा मला पाहायला लावते.

काल बाजारात एका बाईने मालूचा गाल धरला. "एवढी गोरी पोर आणि तीट नाय लावली? नजर लागंल ना गो!"

आत्याने मालूला कडेवर घेतलं.

"नाय लावत आमी," ती म्हणाली.