एका चकतीत मावलेला हिमाचल

कोरी जागा वाया घालवणं कृष्णकांत बर्वेच्या जिवावर यायचं. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत तो सत्तावीस वर्षं मोजमापाची यंत्रं बनवत होता आणि एवढ्या वर्षांत त्यानं एकही पाठकोरा कागद फेकला नव्हता. घरात वाणसामानाच्या याद्या कुठल्यातरी फसलेल्या प्रयोगाच्या आलेखामागे लिहिल्या जात. मुलगी अवनी बारावीपर्यंतचं सगळं गणित तापमानाच्या नोंदींच्या पाठीवर शिकली. बायको नीला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. तिनं लग्नानंतर दोन वर्षं वाद घातला आणि मग हात टेकले. माणूस सोन्यासारखा होता, फक्त कोरी जागा दिसली की त्याला राहवायचं नाही.

दोन हजार चारच्या जूनमध्ये हे बर्वे कुटुंब आपल्या जुन्या मारुती व्हॅनमधून चोवीस दिवसांच्या हिमाचल सहलीला निघालं. निमित्त होतं कृष्णकांतच्या आईचं. सरलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुक्काम वाई, आणि बर्फ पाहायचा हा त्यांचा लहानपणापासूनचा हट्ट. त्या आणि त्यांची धाकटी बहीण विनया, दोघींनी परकरात असताना ठरवलं होतं की एकदा बर्फ हातात धरायचा. भुशात गुंडाळून येणाऱ्या लादीचा नव्हे, आभाळातून पडलेला. आता विनयामावशी मांडीचं हाड मोडून गेलं वर्षभर पलंगावर होत्या. सरलाबाई निघताना त्यांनी एकच बजावलं होतं, "मला फोटो आण, सरलाक्का. नुसतं सांगू नकोस. तू तिखटमीठ लावतेस."

आणि इथंच सगळी अडचण होती. सरलाबाई फोटो काढू देत नसत. कुणी कॅमेरा रोखला की त्या सरळ उठून आत जात. नातेवाइकांच्या लग्नांच्या अल्बममध्ये त्यांच्या जागी एखादी खुर्ची नाहीतर कुणाची तरी पाठ असायची. पेन्शनच्या पुस्तकावर चिकटवलेला एक चौकोन सोडला तर आईचा फोटो म्हणून कृष्णकांतजवळ काहीच नव्हतं. का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्या म्हणत, "आहे ना मी समोर? बघ की."

पण बहिणीसाठी त्या कबूल झाल्या. "एकच," त्यांनी बोट दाखवून सांगितलं. "बर्फातला."

कृष्णकांतनं सेक्टर सतराच्या बाजारातून खास सहलीसाठी डिजिटल कॅमेरा घेतला होता. त्यातल्या कार्डात ऐंशी फोटो मावत. दुसरं कार्ड घ्यायची कल्पना त्याला मानवली नाही. वाटेत प्रत्येक मोठ्या गावात सायबर कॅफे होतेच. तिथं कार्डावरचे फोटो सीडीवर उतरवायचे, कार्ड रिकामं करायचं आणि पुढं निघायचं. बेत चांगला होता. डलहौसी पाहून धरमशालेत पोचल्यावर पहिल्यांदा फोटो उतरवायची वेळ आली तेव्हा कॅफेवाल्यानं विचारलं, सीडी बंद करू का?

"म्हणजे?" कृष्णकांत म्हणाला.

बंद केली की तिच्यावर पुन्हा काही लिहिता येणार नाही, असं कॅफेवाल्यानं सांगितलं. कृष्णकांतनं पाहिलं, सातशे एमबीच्या चकतीत जेमतेम सव्वाशे भरले होते. उरलेली सगळी चकती कोरी!

"अजिबात बंद करू नका," तो म्हणाला.

"अहो, घ्या ना प्रत्येक गावाला वेगळी," नीला म्हणाली. "दोन-दोन प्रती काढा हवं तर."

"अख्खा हिमाचल एका चकतीत मावतोय, नीला. उगाच सहा सीड्या कशाला सांभाळायच्या?"

मग मनाली, मग सिमला, आणि परत आल्यावर चंदीगड. तीच चकती, चार वेळा. कामात मात्र कृष्णकांत चोख. खिशातल्या वहीत लिहिलेलं असे: धरमशाला, अठ्ठ्याहत्तर. मनाली, चौऱ्याहत्तर. सिमला, एक्क्याऐंशी, कारण एक जादा बसला होता. उतरवून झाले की तो स्वतः पडद्यावर नवे फोटो मोजायचा, दोन-चार उघडून बघायचा, वहीत बरोबरची खूण करायचा आणि मगच कार्ड पुसायचा. जुने फोटो पुन्हा कशाला बघायचे? ते तर मागच्या गावी तपासले होते. तपासलेली गोष्ट पुन्हा तपासणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास, आणि तो दोष कृष्णकांतमध्ये मुळीच नव्हता.

रोहतांगला मात्र जे झालं ते कुणाच्याच वहीत नव्हतं. मनालीहून निघताना वाटेतल्या दुकानातून भाड्याचे कोट आणि रबरी बूट घेतले. नऊवारीवर गुडघ्यापर्यंतचा केसाळ कोट चढवून सरलाबाई बर्फावर उतरल्या, वाकल्या, ओंजळभर बर्फ उचलला आणि तो तसाच धरून उभ्या राहिल्या. कृष्णकांतनं कॅमेरा काढला. त्यांनी सवयीनं पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात तिथल्या एका घसरगाडीवाल्यानं "आओ माताजी" म्हणत त्यांना लाकडी फळीवर बसवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत उतारावरून सोडून दिलं. नीला किंचाळली. अवनी "आजी, पकड़ के!" म्हणत मागं धावली. आणि सरलाबाई दोन्ही हात वर करून, कोट उडवत, तोंड उघडून खदाखदा हसत खाली आल्या. बावन्न वर्षांत कृष्णकांतनं आपल्या आईला असं हसताना पाहिलं नव्हतं. बोटानं आपोआप बटण दाबलं. लगेच त्यानं कॅमेऱ्याच्या टिचभर पडद्यावर पाहिलं, आई हसताना नेमकी सापडली होती. आईला त्यानं फोटो दाखवला नाही. चष्मा गाडीत होता, आणि पाहिला असता तर पुसायला लावला असता, अशी त्याला भीती वाटली.

चोविसाव्या दिवशी सगळे घरी पोचले. येता येता सेक्टर सतरामधल्या मोहिंदरजींच्या फोटोच्या दुकानात शेवटचे छत्तीस फोटो त्याच चकतीवर चढले. सरलाबाईंची परतीची गाडी परवाची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन चौघं घरच्या संगणकासमोर बसले. उन्हाळा असा की कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता.

"आधी डलहौसी," कृष्णकांतनं जाहीर केलं आणि चकती आत सरकवली.

पडद्यावर छत्तीस फोटो आले. त्यातले एकोणीस ट्रकच्या मागच्या बाजूचे होते, नऊ माकडांचे, आणि उरलेले चालत्या गाडीतून काढलेल्या विजेच्या खांबांचे. परतीच्या वाटेवर कॅमेरा अवनीच्या हातात होता.

"पापा, बाकी के कहाँ हैं?"

"येतील."

ते आले नाहीत. कृष्णकांतनं चकती बाहेर काढली, बनियनला पुसली, पुन्हा घातली. ट्रक, माकडं, खांब. संगणक बंद करून चालू केला. ट्रक, माकडं, खांब. नीलानं त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. एवढी समजूतदार बायको असणं त्या घडीला त्याला फार जड गेलं. दोनशे तेहतीस फोटो! त्यानं वही काढून पाहिली. सगळ्यांसमोर बरोबरच्या खुणा होत्या, त्याच्याच हातच्या.

"आईचा?" नीलानं हळूच विचारलं.

"मनालीचा होता तो," कृष्णकांत म्हणाला. बाकीचे गेले तर गेले. डलहौसी आहे तिथंच राहणार होती. पण ते हसू पुन्हा कुठून आणायचं?

सरलाबाई उठून आतल्या खोलीत बॅग भरायला गेल्या. तो चकती हातात घेऊन मागोमाग गेला आणि पलंगाच्या कडेला बसला. शाळेत पाटी फोडून आला होता तेव्हाही तो असाच बसला होता.

"आई, माझं चुकलं. नीला सांगत होती वेगळ्या सीड्या घ्या म्हणून."

"जाऊ दे रे कृष्णा. मी सांगीन विनयाला."

"तिला पटायचं नाही."

"नाहीच पटणार," सरलाबाई म्हणाल्या आणि हातातली साडी उगाचच पुन्हा उलगडून घडी घालू लागल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. "वर्षभर छताकडे बघतेय रे ती. म्हटलं होतं, काहीतरी दाखवू. बघू ती तुझी थाळी."

त्यांनी चकती घेतली आणि खिडकीशी नेली. गेल्याच वर्षी मोतीबिंदू काढलेले त्यांचे डोळे आता लखलखीत दिसत होते, आणि दिसेल ते बारकाईनं बघायची त्यांना नवी हौस लागली होती. मावळतीच्या उजेडात त्यांनी चकती तिरकी धरली, उलटी केली, पुन्हा तिरकी धरली.

"ह्याला रेघा कसल्या रे?"

"कसल्या रेघा?"

"ही बघ. मधे काळपट रुंद पट्टी, मग बारीक रेघ. परत पट्टी, परत रेघ. अशा चार पट्ट्या आहेत. पुढं नुसतं चकचकीत."

कृष्णकांतनं चकती जवळजवळ हिसकावूनच घेतली. चार पट्ट्या. शेवटची अगदी अरुंद, छत्तीस फोटोंना शोभेल अशी. आणि त्यापलीकडं कोरी जागा. ज्या माणसानं जन्मभर भिंगांवरचे नसलेले चरेसुद्धा शोधले, त्यानं ही चकती एकदाही उलटी करून पाहिली नव्हती!

"आई!" तो एवढ्यानं ओरडला की नीला आणि अवनी धावत आल्या. "फोटो आहेत! जिथं लिहिलं जातं तिथला रंग बदलतो. पुसले गेले असते, तर एवढ्या पट्ट्या कुठून आल्या? चारही वेळचे फोटो आत आहेत. प्रत्येक कॅफेवाल्यानं फक्त आपल्या फोटोंची यादी केली आणि आधीची यादी जोडलीच नाही. आपला संगणक शेवटची यादी वाचतो आणि गप्प बसतो."

"म्हणजे माणसं घरात आहेत, पण दारावर पाटी एकाच भाडेकरूची," सरलाबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच," कृष्णकांत म्हणाला. प्रयोगशाळेतल्या कुणाला त्यानं इतक्या चटकन काही समजलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच चौघं सेक्टर सतरामध्ये हजर. मोहिंदरजींनी शटर वर केलं, सगळी हकिकत ऐकली आणि दाढी कुरवाळत चकती आपल्या मशीनमध्ये घातली. सीडी लिहिण्याच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी उमटल्या, एकाखाली एक.

"लो जी, चारों बैठे हैं," ते म्हणाले. "कौन सा खोलूँ?"

"दूसरा," नीला, अवनी आणि कृष्णकांत एकदम म्हणाले.

चौऱ्याहत्तर फोटो. कृष्णकांतनं मोजले नाहीत. मोहिंदरजींनी रोहतांगचा तो एक फोटो मोठा करून पडद्यावर लावला आणि दुकानात आलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा थांबून हसायला लागलं. "वाह माताजी! छपाई फुल साइज में करते हैं," असं म्हणून ते आत गेले. कृष्णकांतचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. आई अजून लांब बाकावर बसली होती, आणि तिनं पदर तोंडाशी धरला होता.

पाऊण तासानं फोटो हातात आला. कृष्णकांतनं तो आईच्या मांडीवर ठेवला आणि तयारीत राहिला. ती म्हणेल, फाड. ती म्हणेल, विनयासाठी माझा चेहरा वगळून नुसता बर्फ काढून दे.

सरलाबाईंनी चष्मा लावला. मांडीवरचा फोटो उचलला.

"लग्नाच्या वेळी माझा फोटो तीन घरी पाठवला होता," त्या म्हणाल्या. "तिन्हीकडून परत आला. वडगावकरांनी तर पाकिटात चिठ्ठी घातली होती, मुलीचे दात पुढे आहेत म्हणून. सतरा वर्षांची होते मी. चिठ्ठी माझ्याच हातात पडली."

कृष्णकांतला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि बाबा?" त्यानं विचारलं.

"त्यांनी फोटो मागितलाच नाही. सरळ घरी आले, दोन कप चहा प्यायले आणि हो म्हणाले." त्यांनी फोटो थोडा लांब धरला, मग जवळ आणला. फोटोतली म्हातारी दोन्ही हात वर करून, पुढचे दोन दात सगळ्यांच्या पुढं काढून, सगळ्या जगाला हसत होती. सरलाबाईंचा पदर केव्हाच खाली आला होता. "काय छान दात आहेत रे माझे! एक नाही हललेला अजून."

नीलानं डोळे पुसले आणि अवनीनं आजीला घट्ट मिठी मारली. सरलाबाईंनी तो फोटो विनयामावशींसाठी वर्तमानपत्रात नीट गुंडाळायला लावला. मग त्या उठून काउंटरपाशी गेल्या.

"भैया," त्या मोहिंदरजींना म्हणाल्या, "एक और निकालो. इससे बड़ा. फ्रेम के साथ."

"कुठं लावायचा, आई?" कृष्णकांतनं विचारलं.

"वाईच्या घरात. दारासमोरच्या भिंतीवर. आत येणाऱ्याला आधी मी दिसले पाहिजे."