कागदावर बसवलेली एअरबॅग

माझ्या भावाने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणाला वाटायला नको की शेवटी काहीतरी गैरसमज निघेल आणि सगळे गळ्यात गळे घालून रडतील. मीही तसल्या गैरसमजाची वाट पाहून चुकले. तो निघाला नाही.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. गाड्यांच्या शोरूमला जोडून जे सर्व्हिस सेंटर असतं, तिथे तो काउंटरला असतो. गाडी घेऊन आलेल्या माणसाचं रडगाणं ऐकायचं, जॉब कार्ड बनवायचं, आतल्या वर्कशॉपमधून काम करून घ्यायचं आणि किल्ली परत देताना गोड हसायचं. गोड हसण्यात तो लहानपणापासून पटाईत. आमची गाडी त्याच्याच सांगण्यावरून घेतली. पाठोपाठ त्याने स्वतःलाही तीच घेतली, रंगासकट.

गाडी नावाला माझी. चालवते माझी लेक. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी सहापासून घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त गोळा करायचं आणि अकराच्या आत नमुने लॅबला पोचवायचे. दिवसाला पंधरा घरं. म्हणजे ती माणसांच्या घरात कमी आणि त्या स्टिअरिंगच्या मागे जास्त असते.

गेल्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. या सालातल्या या मॉडेलच्या गाड्या आम्ही दुरुस्तीसाठी परत बोलावत आहोत, असं त्यात होतं. चालवणाऱ्यासमोरची एअरबॅग फुगवणारा जो धातूचा डबा असतो, तो अपघातात नीट न फुगवता स्वतःच फुटू शकतो आणि त्याचे तुकडे चालवणाऱ्याला लागू शकतात. पत्राची भाषा इतकी सभ्य होती की दोनदा वाचल्यावर मला घाम फुटला. मी लगेच भावाला फोन केला.

"ताई, अगं मी बसलोय ना इथे. उद्याच आण गाडी. दोन तासांचं काम."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. अर्धी सुट्टी म्हणजे आठ गिऱ्हाइकं उद्यावर. सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर बसून मशीनची गुळमुळीत कॉफी प्यायले, गाड्यांची जुनी मासिकं चाळली. दोन तासांनी भाऊ स्वतः किल्ली घेऊन आला. सोबत शिक्का मारलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'एअरबॅग बदलली. काम पूर्ण.'

"आता निर्धास्त चालवू दे तिला," तो म्हणाला.

मी तो कागद घरी नेऊन फाईलमध्ये लावला आणि खरंच निर्धास्त झाले. आपला माणूस आत असण्याचं सुख काय असतं, ते मी शेजारणीला दोन दिवस ऐकवलं. तिच्या जावयाच्या गाडीला महिनाभर नंबर लागत नव्हता. माझा मात्र तोरा काही विचारू नका.

मधल्या काळात भावाचे दोन फोन आले. "ताई, गाडी आणून दे ना एक दिवस. फुकट धुऊन देतो, आतून-बाहेरून." मी दोन्ही वेळा त्याला उडवून लावलं. त्यांच्या खरखरीत फडक्यांनी एकदा माझ्या दारावर ओरखडे काढले होते, तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. गाडी मी स्वतः धुते, दर रविवारी, जुन्या मऊ चादरीच्या तुकड्याने. "तुझी धुलाई तुझ्यापाशी ठेव," असं मी म्हणाले. तो हसला. मग त्याने फोन ठेवला.

गेल्या महिन्यात हॉर्न बंद पडला. एवढ्याशा कामासाठी भावाला कशाला त्रास, म्हणून मी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिक काकांकडे नेली. काका साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी बॅटरीची तार काढली आणि स्टूलवर निवांत बसून राहिले. मी विचारलं, काय झालं?

"पंधरा मिनिटं थांबायचं. आत एअरबॅग असते. तिच्यातला करंट उतरल्याशिवाय हात लावायचा नाही."

"ती नवी आहे. मागच्या वर्षी बदलली."

काकांनी मान हलवली. पंधरा मिनिटांनी स्टिअरिंगचं मधलं झाकण सोडवून त्यांनी अलगद उलटं केलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बराच वेळ मागचं लेबल वाचत राहिले.

"कोणी बदलली म्हणालात?"

"कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने. माझा भाऊच आहे तिथे."

त्यांनी लेबल माझ्यासमोर धरलं. बनवल्याची तारीख गाडीच्याच सालातली होती, सात वर्षांपूर्वीची. जोडणीच्या खाचांमध्ये धूळ जमून तिचा पापुद्रा झाला होता. तो अख्खा होता. कोणाच्या बोटाने कधी मोडलेलाच नव्हता.

"ही कारखान्यात बसवली, त्यानंतर आज मीच पहिल्यांदा उघडतोय," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "लेक चालवते ना तुमची? ती तुमच्यासारखीच उंचीने बेताची. अशी माणसं सीट पुढे ओढून बसतात. छाती स्टिअरिंगच्या जवळ येते. त्यांना सांभाळायला पाहिजे जास्त."

हॉर्न त्यांनी दुरुस्त केला. मी ऐकला नाही.

त्या दिवसापासून लेकीला मी बसने पाठवलं. गाडीचं काहीतरी काम निघालंय, एवढंच सांगितलं. भावाकडे जायच्या आधी कंपनीच्या फोनवर विचारावं म्हटलं, न जाणो काकांचीच काही चूक झाली असेल. गाडीचा नंबर सांगितला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "मॅडम, आपल्या गाडीवर कोणतंही काम बाकी नाही."

"पण पार्ट जुनाच आहे."

"मॅडम, आमच्याकडे काम पूर्ण दिसतंय."

"अगं बाई, तुझ्याकडे दिसतंय, पण गाडीत दिसत नाहीये!"

"मॅडम, मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

मी फोन आपटला. दुसऱ्या एका सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर तेही तेच म्हणाले. ज्या गाडीचं काम झालंय असं कॉम्प्युटर म्हणतो, तिला ते दुसरी एअरबॅग देऊ शकत नव्हते. म्हणजे पार्ट बसला नव्हता तो नव्हताच, वर तो मिळण्याची वाटही त्या शिक्क्याने बंद करून ठेवली होती.

मग मी गाडी घेऊन भावाकडे गेले. सीट मागे सरकवून, हात ताणून, जीव मुठीत धरून चालवली. सकाळी अकराची वेळ, काउंटरसमोर गर्दी. मला बघून तो हसला आणि माझा चेहरा पाहून हसणं अर्ध्यात थांबलं. तो मला हाताला धरून मागे, टायर रचून ठेवलेल्या शेडमध्ये घेऊन गेला. पत्र्याची उष्णता आणि रबराचा वास. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "उघडलीस का?"

या एका वाक्याने माझी उरलीसुरली आशा संपली. काय उघडलं, ते मी सांगितलंच नव्हतं.

"तूच सांग आता," मी म्हणाले.

त्याने सांगितलं. महिनाअखेर होती. वरून यादी आली होती, अकरा गाड्यांचं एअरबॅगचं काम या महिन्यात पूर्ण दिसायलाच हवं. पार्ट आले होते चार. मॅनेजर म्हणाला, कार्डांवर 'काम पूर्ण' लिहून ती बंद करा, पार्ट आले की गाड्या बोलावून घ्या. काय कारण सांगून बोलावायचं? तर धुवायला. गाडी धुवायला घ्यायची, मागच्या मागे एअरबॅग बदलायची, आणि मालकाला चकचकीत गाडी परत. मालक खूश, कंपनी खूश.

"मी दोनदा बोलावलं तुला, ताई! दोनदा! तूच नाही म्हणालीस."

"धुवायला बोलावलंस, गाढवा! मला काय स्वप्न पडणार होतं? सांगायचं नाही का तोंडाने?"

"फोनवर कसं सांगू? इथले फोन रेकॉर्ड होतात."

"आणि घरी आलास तेव्हा? चार वेळा जेवून गेलास. माझ्या घरातही रेकॉर्ड होतं का?"

मला वाटलं, आता तरी चुकलो म्हणेल. तो बुटाने जमिनीवरचा नट इकडून तिकडे सरकवत राहिला.

"ते चार पार्ट कोणाला दिलेस?"

"एक वकीलबाई होत्या, सारख्या पत्रं पाठवायच्या. एक शोरूमच्या मालकाचे ओळखीचे. एक माणूस काउंटरवर येऊन आरडाओरडा करून गेला होता."

"झाले तीन."

त्याने नजर बाहेर वळवली. शेडच्या दारातून समोरचं कर्मचाऱ्यांचं पार्किंग दिसत होतं. तिथे त्याची गाडी उभी होती, माझ्याच गाडीच्या रंगाची. मी तिच्याकडे बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"मुलांना शाळेत सोडायला बायको तीच गाडी नेते, ताई," तो हळूच म्हणाला. "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आधी स्वतःच्या बायकोला वाचवलं, याचा राग मला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. पण मी बहिणीच्या हातात 'काम पूर्ण' असा कागद देऊन तिला निर्धास्त केलं नसतं. पार्ट नाही, थोडे दिवस गाडी बाहेर काढू नकोस, एवढं एक वाक्य. माझी लेक तेव्हापासूनच बसने गेली असती. त्याने माझी भीतीसुद्धा काढून घेतली, आणि तीच तर लेकीच्या कामाची होती.

"आता पार्ट आलेत," तो घाईने म्हणाला. "सात आठवडे झाले. आत्ता बसवतो, तुझ्यासमोर. चल."

सात आठवडे! पण मी किल्ली दिली. या वेळी सोफ्यावर बसले नाही, गाडीशेजारी उभी राहिले. बॅटरी काढली, पंधरा मिनिटं गेली, झाकण निघालं. नव्या पार्टचं लेबल मी स्वतः वाचलं, तारीख दोनदा वाचली. जुना पार्ट त्याने खोक्यात ठेवला, खोक्याला चिकटपट्टी लावली, वर गाडीचा नंबर टाकला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा हलका झाला होता.

"बाकीचे सहा जण?" मी विचारलं. "आत्ता माझ्यासमोर फोन कर त्यांना. धुवायला नाही, खरं सांगून बोलाव."

"हळूहळू बोलावतोय गं. येतील."

"कर आत्ता. नाहीतर मी तक्रार करते. वरपर्यंत करते."

आणि तो हसला. ते काउंटरवरचं गोड हसणं.

"कशाची तक्रार, ताई? तुझ्या गाडीत नवी एअरबॅग आहे. कागदावरही आहे. आता दोन्ही जुळलं. कोणी येऊन बघितलं तर काय दिसणार?"

मला कळायला दोन क्षण लागले. मी जुन्या लेबलचा फोटो काढला नव्हता. मेकॅनिक काकांनी काढला नव्हता. काचेचा अर्धा अंश चुकला तर पकडणारी मी, आणि हातातला एकुलता एक पुरावा मीच किल्लीसकट त्याच्या हवाली करून, शेजारी उभी राहून तो खोक्यात बंद होताना पाहिला होता. मला आधी माझी लेक दिसली होती. बाकीचे सहा जण नंतर आठवले होते. हे त्याला नीट ठाऊक होतं. बहीण आहे ना मी त्याची.

"आणि भाचीला सांगू नकोस," तो किल्ली देताना म्हणाला. "तिच्या मनात उगाच अढी बसेल माझ्याबद्दल. झालं ते झालं. तिला काही झालं तर नाही ना?"

किल्ली घेतली आणि निघाले.

लेक पाचला घरी आली. बसच्या गर्दीने चेहरा उतरलेला, हातात नमुन्यांचा रिकामा डबा. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, टायरच्या शेडसकट. शेवटी तिने विचारलं, "मामाला माहीत होतं, की गाडी मी चालवते?"

"हो."

"कागद दिला त्या दिवशीही माहीत होतं?"

"हो."

तिने डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं.

"त्यानंतरच्या रविवारी तो मला मोठ्या रस्त्यावर सराव द्यायला घेऊन गेला होता, आठवतं? तेव्हा मी नुकतीच गाडी चालवायला लागले होते, क्लच नीट दाबत नव्हते. म्हणाला, लांब बसतेस म्हणून पाय पोचत नाही. मग स्वतः खाली वाकून त्याने माझी सीट पुढे ओढली. दोनदा ओढली, आई. शेवटच्या खाचेपर्यंत."

तिचा आवाज रडवेला झाला नव्हता. ती मला नुसती माहिती देत होती, रुग्णाचं वय सांगावं तशी. मला मात्र तिथेच हुंदका फुटला.

मग मी उठले, तोंड धुतलं आणि कंपनीच्या तक्रारीचा फॉर्म उघडला. पुरावा म्हणून काय जोडता, असा एक रकाना होता. तो मी रिकामा सोडला. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात माझ्या भावाचं पूर्ण नाव लिहिलं. खाली नातं विचारलेलं नव्हतं, तरी ते मी लिहिलं.