फोटोत पाय येत नाहीत

अडतीस माणसं आणि पट्टा एकच! तोसुद्धा फोटोपुरता.

माझे बाबा परांची बांधतात. इमारतीला गिलावा करायचा असो की रंग द्यायचा असो, आधी बाबांचे लोखंडी पाइप चढतात आणि काम संपलं की सगळ्यात शेवटी तेच उतरतात. येत्या गुरुवारी बाबा परदेशी निघणार होते, चाळीस मजली कामावर. जाण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण सक्तीचं. बाबांना बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो आणि चारचौघांत तो लावायची लाज वाटते, म्हणून आईने मला सोबत धाडलं. "वाचल्याशिवाय सही करू देऊ नकोस," असं तिने दोनदा बजावलं.

प्रशिक्षण होतं फरशीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. पडद्यावर एक फिल्म लावली, तीही आमच्यातल्या कुणालाच न कळणाऱ्या भाषेत. तिच्यातला कार्टूनवाला माणूस सहा वेळा पडला आणि सहाही वेळा हसत उठला. शिकवायला आलेले टायवाले साहेब तोवर कोपऱ्यात फोनवर कुणाला तरी सोफ्याचा रंग सांगत होते. फिल्म संपली तसे ते टाळ्या वाजवत आले. "चला, आता प्रॅक्टिकल!"

प्रॅक्टिकल म्हणजे रांग. उंचावरून पडू नये म्हणून बांधायचा तो एकुलता पट्टा एकाच्या अंगावरून घामासकट दुसऱ्याच्या अंगावर. हुक खिडकीच्या गजाला, हसा, क्लिक, पुढचा या! बाबांचा नंबर आला तेव्हा मांड्यांभोवती आवळायचे पट्टे खाली नुसते लोंबत होते.

"सर, ते खालचे पट्टे राहिले," मी म्हणाले.

"राहू दे गं. फोटोत पाय येत नाहीत."

"बरंय की," मागून गिलावा करणारा एक धिप्पाड गडी म्हणाला, सगळे त्याला पैलवानच म्हणत, "माझी चप्पल फाटलीय."

सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. मग फॉर्म हातात आला आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी मोठ्याने वाचायला लागले, "मला आठ तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळालं आहे. उंचीवर काम करताना पट्टा कुठे आणि कसा अडकवायचा हे मला समजलं आहे. यानंतर पडल्यास जबाबदारी माझी राहील."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. सुरुवात अकराला झाली होती.

"सर, यातले आठ तास कुठे गेले?"

"कितवीला गं तू?"

"नववीला."

"मग शाळेत जाऊन गणित कर. बस खाली."

पुन्हा हशा. बाबांनी माझी बाही ओढली. "गप गं बाई, यादीतून नाव कापतील माझं!"

पण माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. "बाबा, एकच सांगा. परांची उतरवताना हुक कुठे लावाल?"

कामाचं विचारलं की बाबांना राहवत नाही. ते उठले. कोपऱ्यात लोखंडी रॅक होतं, त्यालाच परांची मानून त्यांनी तिथे पडलेला पट्टा अंगात चढवला आणि त्याचा हुक वरच्या दांडीला खटकन अडकवला. "इथे. छातीशी येतो, हात मोकळे राहतात."

"मग?"

"मग काय, पाना लावायचा, क्लॅम्प ढिला करायचा, आणि हा वरचा पाइप काढून..."

बाबा थांबले. त्यांचा हात हुक लावलेल्या त्याच दांडीवर होता.

"अरे मिस्त्री," पैलवान हळूच म्हणाला, "तू तर स्वतःलाच सोडलंस!"

आता कुणी हसलं नाही. हॉलमध्ये परांचीवाले सात होते, आणि सातही जणांनी हुक तिथेच लावला असता. का लावणार नाहीत? आयुष्यभर कमरेला दोरी बांधून वर चढलेली माणसं ही! यांना आजवर कुणी पट्टा दिला होता, की तो कुठे लावायचा ते कळावं?

"मग लावायचा कुठे, साहेब?" बाबांनी विचारलं.

"ते तिकडे सांगतील."

"कुठल्या भाषेत?"

साहेब टाय सारखा करत बसले. बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि सगळ्यांच्या देखत डोळ्यांवर चढवला. माझ्याकडून पेन घेतलं. 'आठ तास' खोडून वर लिहिलं, 'पाऊण तास'. 'समजलं आहे' खोडलं आणि लिहिलं, 'कुणी सांगितलं नाही'. जबाबदारीच्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग खाली झोकात सही केली. त्यांच्यामागे बाकीचे सहा परांचीवालेही आपापल्या फॉर्मवर तेच लिहायला उठले, आणि पैलवानही.

"असले कागद पुढे पाठवता येत नाहीत!" साहेब ओरडले.

"माणसं बरी पाठवता येतात!" मीही ओरडले. या वेळी बाबांनी माझी बाही ओढली नाही.

साहेबांनी ऑफिसला फोन लावला. बराच वेळ हो सर, हो सर झालं. उद्या आठ वाजता शिकवणारा खरा माणूस येईल म्हणाले, पाइप आणि पट्टे घेऊन. येईल तेव्हा खरं! मग आमचे कागद कोंबायला त्यांनी फाइल उघडली, तर आत आधीच्या तुकडीचे फोटो. तोच पट्टा, तीच खिडकी, तेच हसणं. पाय कुणाचेच नाहीत.

बाबांनी एका फोटोवर बोट ठेवलं. तो त्यांचा पंधरा वर्षांचा जोडीदार होता, माझा काका म्हणा ना. तिकडे जाऊन त्याला दोन महिने झाले होते. बाबांनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून वाऱ्याचा भणभणाट ऐकू आला.

"बोल रे! गुरुवारी येतोयस ना?"

"आधी सांग, परांची उतरवताना हुक कुठे लावतोस?"

"हा काय प्रश्न झाला? वरच्या पाइपला! आत्ता तेच चाललंय."

बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. "ऐक. पाना खाली ठेव."

"अरे पण..."

"ठेव म्हणतो ना! ठेवल्याचा आवाज ऐकव मला."

लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज आला.

"ठेवला. मग आता लावू कुठे?"

बाबांनी फोन टायवाल्या साहेबांच्या तोंडापुढे धरला.