चालूचा भाव

उदयसिंहाची जीप कुपवाडच्या गाळ्यापुढं थांबली तेव्हा विश्वजितनं मुद्दाम पाठ फिरवली. आल्यागेल्याला पाणी विचारायची रीत त्याला चांगली ठाऊक होती, पण हा माणूस त्याच्या लेखी पाहुणा नव्हताच. साताऱ्याचा हा निवृत्त सुभेदार फौजेत वायरलेसवर होता. आता रेडिओ केंद्रांनी काढून टाकलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरची किंमत ठरवायचा. तो ‘चालू’ म्हणाला की सेट चालू, ‘भंगार’ म्हणाला की भंगार.

असले सेट घेऊन विकणाऱ्या विश्वजितचा पहिलावहिला सेट काही वर्षांपूर्वी याच गाळ्यात भंगारात गेला होता. उदयसिंहानं बटण दाबलं, विजेचा दाब चढवला आणि आतला मोठा व्हॉल्व्ह फाटकन फुटला. भाव पाडायला यानं मुद्दाम एकदम दाब चढवला, हे विश्वजितनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मग शिरवळपासून मिरजेपर्यंत भेटेल त्या व्यापाऱ्याला सांगत सुटला की सुभेदार चोर आहे. लोकांना असलं ऐकायला आवडतंच. उदयसिंहाची बरीच कामं तुटली, आणि हे त्याला कुणामुळं झालं ते कळायला वेळ लागला नाही.

असे हे दोघं. आणि तरी आज विश्वजितलाच त्याला बोलवावं लागलं होतं. परराज्यातल्या एका बंद झालेल्या केंद्राचा मोठा सेट त्यानं लिलावात घेतला होता. बाहेरच्या देशातलं एक लहानसं केंद्र तो घ्यायला तयार होतं, पण उदयसिंहानं चालू म्हटल्याशिवाय ते पुढं बोलायला तयार नव्हतं. चालू सेट आणि भंगार यांत जिवंत मेंढी आणि कातडं एवढं अंतर असतं. आणि या सेटपायी विश्वजितनं आटपाडीकडचं मेंढरांचं आख्खं खांड विकलं होतं. बाप कोंडीबा जन्मभर ज्या मेंढरांमागं हिंडला, ती सगळी. बापाच्या माघारी आई धोंडुबाईनं ती राखली होती, आणि लेकाच्या शब्दावर तिनंच ती व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवून दिली होती.

ती आज सकाळपासून गाळ्यातच होती. कोपऱ्यात पोत्यावर बसून सगळं बघत होती. शेजारच्या गाळ्यातले भंगारवाले आप्पासोही येऊन उभे राहिले होते. गंमत बघायला, दुसरं काय.

उदयसिंहानं सेटभोवती एक फेरी मारली. कपाटाएवढाले तीन पत्र्याचे खण, त्यांवर काचेची मीटरं. अँटेनाच्या जागी चाचणीपुरता लोड जोडलेला होता.

“मधलं दार उघड,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह बघू दे.”

“काल सांजच्याला मी सोता स्पिरिटनं पुसलाय. आरशावानी हाय.”

“मागच्या येळी पण असंच म्हणला हुतास. तुझ्या शब्दावर न बघता बटण दाबलं, ही माझी चूक. दार उघड.”

“तुमचा हात आत जायचा न्हाई, सुभेदार. मागं लागला तेवढा बास.”

आप्पासो खाकरले. उदयसिंहाचा चेहरा दगडासारखा झाला. तो शांतपणे म्हणाला, “बघितल्याबगार मी चालू करत न्हाई.”

“मग मी करतो. तुमी लांब हुबं राहून मीटर बघा.” विश्वजितच्या डोक्यात आता नुसती वाफ कोंडली होती. “आन ऐका, आप्पासोंच्या म्होरं सांगतो. चालला न्हाई तर किलोच्या भावात तुमीच उचला. चालला तर साताऱ्याच्या चौकात कबूल करायचं, मागचा सेट मुद्दाम जाळला म्हणून.”

“मंजूर,” उदयसिंह म्हणाला. एवढा राग त्याच्याही पोटात होता.

विश्वजितनं पंखा सुरू केला. वाऱ्याचा घोंगाट गाळाभर भरला. व्हॉल्व्हची फिलामेंट तापेपर्यंत तो थांबला. मग त्यानं दाबाचं चाक जपून, अगदी बोटानं लोणी काढावं तसं फिरवलं. सुई वर सरकली. आणखी सरकली. त्यानं उदयसिंहाकडं बघितलंसुद्धा, आता बोल म्हणून. आणि आत निळा लोळ उठला, फाटकन आवाज झाला आणि सगळं बंद पडलं.

जळक्याचा वास आला. विश्वजित वळला तो थेट उदयसिंहाच्या गळपट्टीला जाऊन भिडला.

“काय केलंस? आँ? काय केलंस रं?”

“मी सेटला शिवलो तरी का?” उदयसिंहानं त्याचे हात झटकून टाकले. “आप्पा, मेन बंद करा.” मग दांडीनं उरलासुरला करंट जमिनीत उतरवला आणि दार उघडून बॅटरी मारली.

“हिकडं ये,” तो म्हणाला. “बघ.”

व्हॉल्व्हचा मधला चिनीमातीचा पांढरा भाग तडकला होता. त्याच्यावर उभ्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. दोन रेघा मात्र अर्ध्याच जळल्या होत्या, आणि जिथं जळल्या नव्हत्या तिथं त्या पिवळ्याधमक होत्या. पाच बोटांच्या पाच रेघा. दहा हजार व्होल्टच्या दाबाला वरून खाली उतरायला सरळ पायवाट.

“हळद हाय,” उदयसिंह म्हणाला. “ओली.”

“भंडारा,” धोंडुबाई कोपऱ्यातून म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं. “सकाळी ह्यो च्या आणाय गेल्ता तवा मी लावला. नवी वस्तू चालू करायची म्हंजी देवाचा हात नको व्हय? कोरडा ठरंना म्हणून पाण्यात कालवला. आत त्येवढंच पांढरं हुतं, कपाळावानी. म्हणून तिथं लावला.”

ती आपली पुढं सांगत राहिली. “मागल्या सेटला तर दोन्ही हातांनी लावलाता की. तवाबी हीच जागा.”

गाळ्यात पंखाही बंद होता, त्यामुळं ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. आप्पासोंनी मान खाली घातली. उदयसिंहानं बॅटरी विझवली. एवढ्या वर्षांचं ओझं त्या म्हातारीनं एका वाक्यात उतरवलं होतं, पण त्याला त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

“ह्याच नंबरचा एक व्हॉल्व्ह माझ्याकडं साताऱ्याला हाय,” तो शेवटी विश्वजितला म्हणाला. “मी आणतो. बसवू, परत लावू. चालंल, मला माहीत हाय. पर एक वाक्य म्हण. आप्पांच्या म्होरं. सुभेदार चोर न्हाई. बास. शर्त सोडून देतो.”

तीन शब्द होते. खांडाचे पैसे वाचत होते, गाळा वाचत होता. विश्वजितनं तोंड उघडलंही. पण समोर तो माणूस ताठ उभा होता, खरा ठरलेला, वर मदत करायला तयार. विश्वजितला त्याचा इतका संताप आला की तेवढा मागं कधीच आला नव्हता. आधी निदान रागाला कारण तरी होतं. आता नुसता रागच उरला होता, आणि तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

धोंडुबाई उठली. आपल्या भंडाऱ्यानं काय केलं ते तिला उशिरा का होईना, कळलं होतं. डोईचा पदर सावरत ती उदयसिंहापुढं गेली. “दादा, चुकलं माझं. मी म्हणते, तुमी चोर न्हाई. माझं म्हणणं धरा.”

“तुमी कवा म्हणला हुता, मावशी?” उदयसिंहाचा आवाज मऊ झाला होता. “ज्यानं म्हणलं त्यानं बोलावं.”

“बोल की रं,” ती लेकाकडं वळली.

“आये, तू गप बस.” विश्वजित भिंतीकडं बघून म्हणाला. “आप्पा, काटा लावा. किलोनं ठरलंय, किलोनं जाऊ दे.”

“आरं, येड लागलं का तुला?” आप्पासो म्हणाले.

“काटा लावा म्हणतो न्हवं.”

उदयसिंह थोडा वेळ वाट बघत थांबला. मग सेट खोलायचा पाना आणायला जीपकडं गेला.

धोंडुबाई पोत्यावर परत बसली. हाताची पिवळी बोटं तिनं लुगड्याला पुसली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, “मेंढरं टेम्पोत चढीवली तवा यवडं वाईट वाटलं न्हवतं.”